ओळख आणि बदलता समाज टिपणारी पोर्ट्रेट-मालिका: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

पोर्ट्रेट कसे काढावे हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक प्रकाश, लेन्स व चेहऱ्याचा कोन यांविषयी असतात. हा लेख थोड्या वेगळ्या कामाविषयी आहे. एखाद्या समूहातील माणसे स्वतःकडे कशी पाहतात, समाज त्यांच्याकडे कसा पाहतो आणि या दोन्हींत काळानुसार काय बदलते, हे अनेक पोर्ट्रेटच्या मालिकेतून शोधण्याचे हे काम आहे. तंत्र त्यालाही लागतेच. मात्र माझे काम अडले ते तंत्रापाशी नव्हते.

माझी पहिली मालिका रात्रपाळीत काम करणाऱ्या स्त्रियांची होती. त्यांत परिचारिका, सुरक्षारक्षक, वाहनचालक आणि यंत्रावर काम करणाऱ्या कामगार होत्या. सहा महिन्यांत मी चाळीसेक छायाचित्रे काढली आणि ती एकत्र मांडून पाहिली, तेव्हा त्यांत थकव्याखेरीज काहीच दिसेना, कारण प्रत्येकीला मी पाळी संपल्यावर, तिच्या दिवसातल्या सर्वांत दमलेल्या क्षणी गाठले होते. त्यांतल्या एका परिचारिकेने आपले छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मी एवढीच आहे का?” मी ती मालिका बाजूला ठेवली आणि नव्याने सुरुवात केली. या खेपेला प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा असे ठरवले: ही व्यक्ती छायाचित्रात अशी दिसते आहे, ती कोणाच्या निर्णयाने? पुढचे सगळे टप्पे या प्रश्नाभोवतीच उभे आहेत.

१. विषय नव्हे, प्रश्न लिहून काढा

“स्थलांतरित”, “वृद्ध”, “तरुण पिढी” हे विषय झाले. विषयावर मालिका उभी राहत नाही, कारण कोणाचे छायाचित्र घ्यायचे आणि कोणाचे नाही, याचे उत्तर तो देत नाही. प्रश्न ते देतो. “पूर्वी पुरुषच करत असलेले रात्रीचे काम ज्या स्त्रियांनी पहिल्यांदा स्वीकारले, त्यांना गणवेशातली आपण आणि घरातली आपण एकच वाटते का?” असा प्रश्न लिहिल्यावर माझी अर्धी यादी आपोआप गळाली आणि प्रत्येकीची दोन छायाचित्रे लागतील हेही लक्षात आले.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्यात कोणता तरी बदल असला पाहिजे: आधी काय होते, आता काय आहे, किंवा आत काय आहे आणि बाहेर काय दिसते. तो ज्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत त्यांच्यापैकी दोघा-तिघांना वाचून दाखवा. त्यांना तो परका किंवा अपमानकारक वाटला, तर तो तिथेच बदला.

या टप्प्यावरची मोठी चूक म्हणजे उत्तर आधीच ठरवून निघणे. “यांचे हाल दाखवायचे आहेत” असे मनाशी ठरवून गेलेल्या माणसाला हालच दिसतात. माझे नेमके तेच झाले होते.

२. आधी झालेल्या कामाचे दोन्ही वारसे पाहून घ्या

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगासमोर आला आणि तेव्हापासून पोर्ट्रेटचे दोन वापर शेजारी शेजारी चालत आले आहेत. एकात माणूस स्वतःला मांडतो. दुसऱ्यात कोणी तरी त्याची नोंद करून ठेवतो. हा फरक ओळखता येणे मला कॅमेऱ्याच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

गुलामीतून सुटून आलेले अमेरिकन नेते फ्रेडरिक डग्लस यांची सुमारे १६० छायाचित्रे आज ज्ञात आहेत आणि एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेले अमेरिकन म्हणून त्यांची गणना होते. कृष्णवर्णीयांचे चेहरे विकृत करून रंगवणाऱ्या चित्रांना त्यांचे हे उत्तर होते. व्यवस्थित पोशाख, गंभीर मुद्रा, थेट किंवा करारी नजर आणि जवळजवळ कुठेही हसू नाही. गुलामीतून सुटलेल्या आणि गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८६० च्या दशकात आपली छोटी छायाचित्र-कार्डे विकून चळवळीसाठी आणि उपजीविकेसाठी पैसे उभे केले. त्या कार्डांवर छापलेल्या वाक्याचा अर्थ असा होता की, मूळ देहाच्या आधारासाठी मी माझी सावली, म्हणजे छायाचित्र, विकते. एके काळी जिला स्वतःलाच विकले गेले होते, त्या स्त्रीने आपल्या प्रतिमेची मालकी आपल्याकडे घेतली होती.

दुसऱ्या वारशात पॅरिसच्या पोलीस खात्यातील अल्फोन्स बर्तिलाँ येतात. त्यांनी १८८० च्या दशकात समोरून एक आणि बाजूने एक अशी, ठरावीक अंतरावरून आणि ठरावीक प्रकाशात काढलेल्या आरोपींच्या छायाचित्रांची पद्धत घालून दिली. १९६० साली अल्जीरियात फ्रेंच सैन्यात सक्तीची सेवा करणाऱ्या मार्क गारांजे यांना ओळखपत्रांसाठी गावोगावच्या लोकांची छायाचित्रे घेण्याचा हुकूम झाला. स्त्रियांना चेहऱ्यावरचा पडदा काढायला लावण्यात आले आणि सुमारे दहा दिवसांत जवळपास २,००० छायाचित्रे घेतली गेली. त्या स्त्रियांच्या डोळ्यांतला निषेध आजही सहन होत नाही. कॅमेरा तोच, चौकट साधीच आणि माणूस समोर बसलेला, हे सगळे डग्लस यांच्या छायाचित्रांसारखेच आहे. संमती मात्र नाही.

या दोन टोकांच्या मधोमध जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर येतात. आपल्या काळातील समाजाचे व्यवसायांनुसार सात गट करून त्यांनी शेतकरी, कारागीर, स्त्रिया, कलावंत आणि बेरोजगार यांची शेकडो पोर्ट्रेट काढली. त्यांतल्या ६० छायाचित्रांचे पुस्तक १९२९ साली निघाले आणि १९३६ साली नाझी राजवटीने त्याच्या उरलेल्या प्रती जप्त करून छपाईचे ठसे नष्ट केले, कारण त्या समाजाचा खरा चेहरा राजवटीला हव्या असलेल्या आदर्श चेहऱ्याशी जुळत नव्हता. शांतपणे काढलेल्या पोर्ट्रेटची ताकद त्यावरून कळते. मात्र झांडर यांच्या बहुतेक छायाचित्रांखाली नाव नसून व्यवसाय लिहिलेला असतो, आणि माणूस नमुना होऊन जाण्याचा धोका तिथेच सुरू होतो. त्यांच्याकडून चौकटीची शिस्त घ्यावी. नाव गाळण्याची सवय घेऊ नये.

पश्चिम आफ्रिकेतील माली देशात, बामाको येथे सेदू केइता यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ सुरू केला, त्यांचे काम मी नवख्या माणसाला सर्वांत आधी पाहायला सांगतो. लोक तिथे आपल्या उत्तम कपड्यांत येत. स्टुडिओत घड्याळ, रेडिओ, कोट, स्कूटर अशा वस्तू ठेवलेल्या असत आणि आलेला माणूस त्यांतले हवे ते घेऊन बसे. १९६० साली स्वतंत्र झालेल्या एका देशातले शहरी लोक स्वतःला आधुनिक म्हणून कसे पाहू लागले होते, हे त्या छायाचित्रांत दिसते. कारण काय जवळ घेऊन बसायचे याचा निर्णय पुष्कळसा त्यांचाच होता.

३. काय बदलू द्यायचे नाही ते ठरवा

बदल दाखवायचा असेल तर काही तरी स्थिर ठेवावे लागते. प्रत्येक छायाचित्राची पार्श्वभूमी, अंतर, उंची आणि प्रकाश वेगळा असेल, तर पाहणाऱ्याचे लक्ष त्या फरकांतच अडकते आणि माणसांमधला फरक त्याला दिसत नाही. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी त्याच चार बहिणींचे, त्याच डावीकडून उजवीकडच्या क्रमाने, एक छायाचित्र प्रसिद्ध केले. क्रम कायम राहिल्यामुळे वय, जवळीक आणि दुरावा या गोष्टी आपोआप पुढे येतात. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, भटके आणि विक्रेते यांना पांढऱ्या कागदासमोर उभे करून छायाचित्रे घेतली. सभोवतालचे जग काढून टाकल्याने कपड्यांवरचा प्रत्येक डाग बोलू लागतो. अर्थात, त्यात माणूस आपल्या जगापासून तोडला जातो, हेही खरे आहे.

तुमच्या प्रश्नाला कोणती पद्धत योग्य, ते पाहा. व्यक्ती आणि तिचे काम यांचा संबंध शोधत असाल तर ती जागा चौकटीत असू द्या. व्यक्तीने स्वतःला कसे घडवले आहे हे पाहायचे असेल, तर साधी पार्श्वभूमी घ्या. पार्श्वभूमी, अंतर, कॅमेऱ्याची उंची आणि चौकट (उभी की आडवी, चेहरा की पूर्ण शरीर) या चार गोष्टी वहीत लिहा आणि पहिल्या पाच छायाचित्रांनंतर त्यांत बदल करू नका. पाचांपर्यंत हवे तेवढे प्रयोग करावेत.

स्थिर चौकटीत बर्तिलाँची सावली असतेच. म्हणून चौकट तुम्ही ठरवलीत, तर आतल्या गोष्टी समोरच्या व्यक्तीला ठरवू द्या: कपडे, हातातली वस्तू, बसायचे की उभे राहायचे, आणि नजर कुठे असावी. माझ्या दुसऱ्या खेपेच्या मालिकेत गणवेशातले छायाचित्र माझ्या नियमाने आणि दुसरे पूर्णपणे त्यांच्या मर्जीने, अशी वाटणी केली होती. एक वाहनचालक दुसऱ्या छायाचित्रासाठीही गणवेशच घालून आली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की, हा मिळवायला तिला अकरा वर्षे लागली आणि यापेक्षा चांगले कपडे तिच्याकडे नाहीत. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे पहिल्यांदा मिळाले.

४. साहित्य

यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. साहित्य वाढले की लोक अवघडतात.

• कॅमेरा. मॅन्युअल एक्स्पोजरची (किती प्रकाश घ्यायचा ते हाताने ठरवण्याची) आणि रॉ फाइलची (कॅमेऱ्याने फेरफार न केलेल्या मूळ फाइलची) सोय असलेला कोणताही, अगदी फोनसुद्धा.
• एकच लेन्स. पूर्ण-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर खांद्यापर्यंतच्या चौकटीसाठी ८५ मिमी, आणि माणूस व त्याची जागा दोन्ही हवी असतील तर ३५ मिमी. एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरवर ८५ ऐवजी ५० ते ५६ मिमी.
• ट्रायपॉड. उंची आणि अंतर कायम राहते, शिवाय कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन बोलता येते.
• प्रकाश परतवण्यासाठी पांढरा जाड पुठ्ठा आणि सावली गडद करण्यासाठी तसाच काळा.
• मोजपट्टी आणि जमिनीवर खुणा करण्यासाठी चिकटपट्टी.
• नोंदवही, आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे साधन आणि संमतिपत्राच्या दोन-दोन प्रती.

फोन वापरणाऱ्यांनी चेहरा “सुंदर” करणाऱ्या सगळ्या सोयी आधी बंद कराव्यात. त्या त्वचा उजळ करतात, सुरकुत्या पुसतात आणि कधी चेहऱ्याचा आकारही बदलतात. ओळखीचा शोध घेणाऱ्या मालिकेत असे होणे म्हणजे पुरावाच बदलणे होय.

५. माणसांपर्यंत पोहोचा

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका. हा नियम मी एकदाही मोडत नाही. पहिल्या भेटीत तुम्ही कोण, हे काम कशासाठी, छायाचित्रे कुठे दिसतील आणि त्यातून तुम्हाला काय मिळणार, हे सांगा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण टाळतात आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर पुढे विश्वास तुटतो.

एखाद्या समूहात जाताना तिथल्या एका प्रमुख व्यक्तीच्या ओळखीने जाणे सोपे असते. परंतु मग त्या व्यक्तीला पसंत असलेलीच माणसे तुमच्यासमोर येतात. दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी ओळखी काढा आणि प्रत्येक व्यक्तीला “आणखी कोणाला भेटू?” याबरोबरच “मला कोणी भेटवणार नाही, असे कोण आहे?” हेही विचारा. माझ्या मालिकेतल्या सफाई कामगार स्त्रिया मला या दुसऱ्या प्रश्नानेच भेटल्या.

६. संमती: कागद आणि त्यापलीकडचे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग घाई न करता वाचा.

१९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग यांनी एका आईचे तिच्या मुलांसह छायाचित्र घेतले. ते विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक ठरले. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला १९७८ साली कळले. त्या मूळच्या अमेरिकेतील चेरोकी या आदिवासी समाजातल्या होत्या हेही तेव्हाच पुढे आले. त्या छायाचित्रातून त्यांना काहीही मिळाले नाही आणि त्याविषयीची खंत त्यांनी बोलून दाखवली. ते छायाचित्र लोकांचे लक्ष तेव्हाच्या महामंदीच्या आपत्तीकडे वेधण्यासाठी उपयोगी पडले, हे मान्य आहे. तरीही ज्या चेहऱ्यावर एका संपूर्ण काळाची ओळख उभी राहिली, त्या चेहऱ्याची स्वतःची ओळख चार दशके कोणाला माहीत नव्हती. तुमचे छायाचित्र तितके प्रसिद्ध होणार नाही असे गृहीत धरू नका. आज कोणतेही छायाचित्र एका दिवसात कुठेही पोहोचू शकते.

संमतिपत्रात पुढील गोष्टी असाव्यात:

• छायाचित्रकाराचे नाव आणि पुढेही चालू राहील असा संपर्क.
• मालिकेचा प्रश्न, एका साध्या वाक्यात.
• वापरांची वेगवेगळी यादी: प्रदर्शन, छापील माध्यम, आंतरजाल, विक्री, जाहिरात. प्रत्येकापुढे होय किंवा नाही अशी खूण.
• नाव खरे छापावे, बदलावे की गाळावे.
• संमती मागे घेण्याची पद्धत आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंत शक्य आहे, कारण छापून वाटलेली प्रत परत आणता येत नाही आणि हे आधीच सांगणे प्रामाणिक ठरते.
• व्यक्तीला मिळणारी प्रत, मानधन असल्यास त्याचा तपशील आणि तारीख.

वाचता येत नसेल तर मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि तोंडी संमती ध्वनिमुद्रित करा. मुलांच्या बाबतीत पालकांची सही पुरेशी मानू नका, मुलालाही विचारा आणि ते नको म्हणाले तर थांबा. छायाचित्र घेणे, छापणे आणि विकणे यांविषयीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे प्रसिद्धीपूर्वी तुम्ही जिथे काम करता तिथल्या जाणकार वकिलाचा सल्ला घ्या.

सही झाली म्हणजे काम झाले, असा समज हा दुसरा सापळा आहे. वरिष्ठासमोर, मदत मिळण्याच्या आशेने किंवा भिडेखातर केलेली सही ही संमती नव्हे. म्हणून मी सही घेतल्यानंतर छायाचित्रासाठी किमान दोन दिवसांनी परत जातो. त्या दोन दिवसांत ज्यांनी विचार बदलला, त्यांना मी कारण विचारत नाही.

काहींच्या बाबतीत ओळख उघड होणे हाच धोका असतो. नोकरी जाईल, घरचे तोडतील, हिंसा होईल अशी भीती खरी असते. अशा वेळी पाठमोरे छायाचित्र, फक्त हात, सावली किंवा काचेतले प्रतिबिंब हे पर्याय सुचवा. चेहरा धूसर करून भागत नाही, कारण कपडे, गोंदण किंवा खिडकीबाहेरचे दृश्य यांवरून परिचितांना ओळख पटू शकते. फाइलमध्ये नोंदलेले ठिकाण प्रसिद्धीपूर्वी काढून टाका.

७. प्रत्यक्ष बैठक

दीड तास हाताशी ठेवा. छायाचित्रे घ्यायला त्यातली पंधरा मिनिटे पुरतात.

अंतरापासून सुरुवात करा. चेहऱ्याची ठेवण छायाचित्रात कशी दिसेल हे लेन्सपेक्षा अंतर ठरवते. हातभर अंतरावरून नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड ते दोन मीटरवरून चेहरा आपल्या रोजच्या ओळखीचा वाटतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. बसलेल्या माणसाचे उभ्याने वरून छायाचित्र घेतले की तो आपसूक लहान आणि केविलवाणा होतो, आणि सामाजिक विषयांवरच्या छायाचित्रांत ही चूक वारंवार दिसते.

खिडकीचा एका बाजूने येणारा प्रकाश पुरेसा आहे. व्यक्तीला खिडकीपासून मीटरभर दूर बसवा आणि सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान आणि अ‍ॅपर्चर एफ/४ ते एफ/५.६ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे) ठेवा. एफ/१.८ वर एक डोळा स्पष्ट आणि हात, कपडे, अवजार सगळे धूसर होते. दिसायला ते आकर्षक असले तरी या मालिकेत त्या वस्तूही माणसाची ओळखच सांगत असतात.

त्वचेच्या वर्णाकडे विशेष लक्ष द्या. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे उजळ भिंतीसमोर बसलेल्या सावळ्या व्यक्तीचा चेहरा काळवंडतो, आणि गडद पार्श्वभूमीवर गोऱ्या व्यक्तीचा चेहरा पांढराफटक पडतो. मापन चेहऱ्यावरच घ्या आणि एक्स्पोजर हाताने ठरवा. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. रंगीत छपाई जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना ‘शर्ली कार्ड’ नावाची संदर्भचित्रे पुरवीत असे. त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रियाच असत आणि वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. “योग्य रंग” म्हणजे कोणाचा रंग, हे असे यंत्रात आणि रसायनात आधीच ठरून गेले होते. म्हणून पहिली दोन-तीन छायाचित्रे त्या व्यक्तीला दाखवा आणि “हा तुमचा रंग आहे का?” असे स्पष्ट विचारा. गडद त्वचेचे खरे सौंदर्य पुष्कळदा तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात असते, त्यामुळे समोरून भडक प्रकाश टाकण्याऐवजी मोठ्या, मऊ प्रकाशाची बाजू किंचित बदलून पाहा.

“हसा” असे सांगू नका आणि “हसू नका” असेही सांगू नका. मला एक साधी गोष्ट उपयोगी पडली आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून मी बाजूला उभा राहतो आणि विचारतो, “तुमच्या ओळखीच्या कोणाला हे छायाचित्र पाहून सर्वांत जास्त आश्चर्य वाटावे असे वाटते?” उत्तर देऊन झाल्यावर जी शांतता येते, त्या वेळी मी बटण दाबतो.

८. निवड एकट्याने करू नका

एका बैठकीतून दहा छायाचित्रे वेगळी काढा आणि ती समोरच्या व्यक्तीसह पाहा. कोणते नको, हे त्यांना सांगू द्या. नको असलेले तिथेच पुसून टाका. उरलेल्यांतून तुमची आणि त्यांची निवड वेगवेगळी येणे स्वाभाविक आहे. त्यांनी निवडलेले छायाचित्र तुम्हाला फिके वाटले तर घाईने नाकारू नका, ते का निवडले हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. ज्या परिचारिकेने मला पहिला प्रश्न विचारला होता, तिने दुसऱ्या खेपेला मला अगदी साधे वाटलेले छायाचित्र निवडले. त्यात ती डोळे मिटून बसली होती. कामावर डोळे मिटले तर तो गुन्हा असतो, म्हणून हेच हवे, असे तिने सांगितले. मालिकेत ते सर्वांत मोठ्या आकारात लागले.

अंतिम निवडीत एकाच भावनेची छायाचित्रे जास्त झाली आहेत का, हे सगळ्या प्रती जमिनीवर पसरून तपासा. पडद्यावर एकेक पाहताना ते कळत नाही.

९. छायाचित्राखालचा मजकूर

छायाचित्र बोलके असले की शब्द लागत नाहीत, असे म्हणतात. सामाजिक ओळखीच्या बाबतीत मला ते पटत नाही. मजकूर नसेल तर पाहणारा स्वतःचे पूर्वग्रह तिथे भरतो. छायाचित्रकार झानेले मुहोली यांनी २००६ पासून दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्ती यांची पोर्ट्रेट काढली, आणि प्रत्येकाखाली व्यक्तीचे नाव, ठिकाण व वर्ष दिले. ज्यांचे अस्तित्वच नाकारले जात होते, त्यांच्यासाठी ती एक ओळ म्हणजे नोंदणीच होती. अमेरिकेत जिम गोल्डबर्ग यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत श्रीमंत व गरीब अशा दोन्ही वर्गांतील लोकांना त्यांच्या छायाचित्राच्या प्रतीवर स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितले. चित्रातला चेहरा आणि खालचे हस्ताक्षर यांच्यातली तफावत वाचताना पाहणाऱ्याची पहिली समजूत मोडते.

मजकूर ध्वनिमुद्रणावरून लिहा, त्यांची बोली शुद्ध करू नका, आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. “पीडित”, “वंचित”, “झुंजार” अशी विशेषणे स्वतःच्या पदरची घालू नका. व्यक्तीने स्वतःसाठी जो शब्द वापरला असेल, तोच वापरा.

१०. प्रत, फाइल आणि प्रदर्शन

मालिका इतरांना दाखवण्याआधी प्रत्येकाला छापील प्रत द्या. मोबाइलवर पाठवलेली फाइल प्रत मानू नका. मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी ठेवा. संमतिपत्रे छायाचित्रांच्याच क्रमांकाने लावून ठेवली नाहीत, तर पाच वर्षांनी कोणी काय मान्य केले होते हे सापडत नाही. पहिले प्रदर्शन त्या माणसांना पायी येता येईल अशा जागी करा.

११. परत जा

एकदा काढलेले पोर्ट्रेट एक क्षण दाखवते. सामाजिक बदल दिसण्यासाठी दुसरी भेट लागते. मिल्टन रोगोविन हे व्यवसायाने चष्मे देणारे डोळ्यांचे तज्ज्ञ होते. त्यांनी १९७२ पासून अमेरिकेतील बफेलो शहराच्या एका गरीब वस्तीत लोकांची छायाचित्रे घेतली, त्यांना प्रती दिल्या, आणि १९८० व ९० च्या दशकांत आणि त्यानंतरही तीच माणसे शोधत परत गेले. एकाच कुटुंबाची तीन-चार छायाचित्रे शेजारी ठेवली की कोण वाढले, कोण निघून गेले आणि कोणाच्या घरात आधीच्या खेपेला दिलेली प्रत भिंतीवर टांगली आहे, हे सगळे दिसते.

दुसऱ्या भेटीची तयारी पहिल्याच भेटीत करा. कॅमेऱ्याची उंची, अंतर, लेन्स, खिडकीची दिशा, दिवसाची वेळ आणि चिकटपट्टीच्या खुणांचे मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र वहीत ठेवा. “पुन्हा भेटायला चालेल का आणि किती वर्षांनी?” हे संमतिपत्रातच विचारा. परत जाताना जुनी प्रत सोबत न्या आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी ती त्यांच्या हातात देऊन थोडा वेळ काही बोलू नका. त्यावर ते जे बोलतात, ते नव्या छायाचित्राखालच्या मजकुराची सुरुवात असते.

काही जण दुसऱ्यांदा नको म्हणतात, काही सापडत नाहीत आणि काही या जगात राहिलेले नसतात. मालिका पूर्ण दिसावी म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू नका. जुन्या छायाचित्रासोबत जेवढ्या आकाराचे नवे छायाचित्र लागले असते, तेवढीच रिकामी चौकट लावा. तिच्याखाली तुम्ही परत गेलात ती तारीख लिहा आणि, त्यांची किंवा त्यांच्या जवळच्यांची हरकत नसेल तर, छायाचित्र का नाही हे एका ओळीत सांगा. माझ्या मालिकेत सध्या अशा तीन चौकटी आहेत.